पातेल्याचं बूड काळं पडतंय?

सिलिंडरमधल्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम घातलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो तो हाच गॅस अर्धवट जळताना, आणि त्याला वास नाही, रंग नाही. तिथे नाक कामाचं नाही. ज्योत बघा, भांड्याचं बूड बघा.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवती ज्योत आणि बुडाला काजळी म्हणजे हवा कमी पडतेय. (मिठाचं पाणी उतू गेलं की ज्योत क्षणभर नारिंगी होते. तो सोडियमचा रंग, त्याला घाबरू नका.) सिलिंडरच्या गॅसमधला प्रोपेन वायू एक लिटर पुरता जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, त्यामुळे उतू गेलेल्या दुधाने बर्नरची चार छिद्रं बुजली तरी गणित बिघडतं. बर्नर थंड झाल्यावर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, टाचणीने छिद्रं मोकळी करा, खडखडीत वाळवा आणि खाचेत नीट बसवा. तिरका बसला तर एका बाजूने पिवळा जळतो. खालच्या नळीत कोळ्याचं जाळं नाही ना, तेही बघा. जेटमध्ये, म्हणजे गॅस ज्यातून बाहेर येतो त्या पितळी तोटीच्या बारीक भोकात, मात्र सुई खुपसू नका. पितळ मऊ असतं. भोक जरा मोठं झालं की गॅस वाढतो, हवा तेवढीच राहते. पाइपच्या गॅसची शेगडी जेट न बदलता सिलिंडरला जोडली तरी हेच होतं.

निळी ज्योतही फसवते. भलंमोठं बसकं पातेलं बर्नरला जवळजवळ टेकलं, की गार धातूला लागून ज्योत अर्ध्यावर विझते. बर्नरभोवती फॉइल गुंडाळली की हवेची वाटच बंद.

पाइप बाहेर न काढलेली चिमणी तेलकटपणा आणि वास धरते, कार्बन मोनॉक्साइड धरत नाही. एक्झॉस्ट फॅन लावाल तेव्हा खिडकीची फट ठेवा, नाहीतर फॅन ओढणार कुठून?

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर लावा, पण शेगडीच्या डोक्यावर नको. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकाप्रमाणे तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तास ते दीड तासात, ३०० पीपीएमला तीन मिनिटांत वाजतो. तो गप्प आहे म्हणजे हवा स्वच्छ, असं नव्हे.

घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप नाही, बाहेर गेलं की बरं वाटतं? गॅस बंद करा, सगळे बाहेर पडा, डॉक्टरांना संशय स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि माणूस गुदमरत असताना आकडा ९८ दाखवतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं.