तो हिरवा तूच ना?

हेलो खेळलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात: 2001 साली एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम मशीनबरोबर आलेला गेम, हिरव्या चिलखतातला मास्टर चीफ, परग्रहावरचे शत्रू आणि सगळं काही त्याच्या डोळ्यांतून दिसणार, ज्याला फर्स्ट पर्सन म्हणतात. आमच्याकडे एक्सबॉक्स कुठला! हॉस्टेलवर पीसीवाला फुकटचा ट्रायल फिरत होता, त्यात स्टोरीतली एकच लेव्हल आणि लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पीसींवर, खेळायला ब्लड गल्च हा एकच मॅप, आणि तेवढ्यावर आम्ही अख्खं इंजिनिअरिंग काढलं.

सुट्टीत घरी आलो की तेच चालू. आई चहाचा कप ठेवायला यायची, दोन मिनिटं उभी राहून स्क्रीनकडे बघायची आणि विचारायची, "पण यात तू कुठेयस?" अगं ती बंदूक दिसतेय ना, तिच्या मागे मी. तिला ते कधीच पटलं नाही, आणि आता वाटतं तिचंच बरोबर होतं, कारण फर्स्ट पर्सन म्हणजे शाळेतल्या व्याकरणातला प्रथमपुरुष, त्यातला मी मलाच कुठे दिसणार, दिसले तर हात. (जीपमध्ये बसलं की गडी बाहेरून दिसायचा खरा, पण माझी जीप तोवर उलटलेली असायची.)

तर मागच्या रविवारी लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून हेलो 2600 लावला. हा एड फ्राइज नावाच्या माणसाचा उद्योग. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचा हा उपाध्यक्ष होता, हेलो बनवणारी बंजी कंपनी मायक्रोसॉफ्टनं घेतली ती याच्याच काळात, आणि 2004 ला नोकरी सोडल्यावर पुढे 2010 मध्ये यानं तोच हेलो अटारी 2600 साठी लिहिला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या 1977 सालच्या गेम मशीनसाठी. जुना गेम चकाचक करून परत विकायचा धंदा सगळेच करतात, हा पठ्ठ्या उलट्या दिशेनं निघाला.

गेमच्या कार्ट्रिजात, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या डबीत, जागा किती, तर 4 केबी, साधारण चार हजार बाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, साठवायला 3 बाइट खातं, म्हणजे हा माझा लेखच त्या कार्ट्रिजात मावणार नाही, आणि त्यानं त्यात 64 खोल्या, शत्रू आणि एकदा जिंकल्यावर उघडणारा अवघड लिजेंडरी मोडसुद्धा बसवलाय. रॅम, म्हणजे गेम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा, 128 बाइट. तेवढ्यात उखाणा घ्यायला गेलात तर नवऱ्याचं नाव यायच्या आत जागा संपेल. पूर्ण चित्र कुठे साठवायची सोयच नाही, त्यामुळे टीव्हीवर एकेक ओळ उमटत असतानाच प्रोग्रॅमनं पुढच्या ओळीत काय येणार ते सांगत राहायचं, म्हणजे पंगत बसलीय, वाढपी पुढे सरकतोच आहे आणि पोळ्या तव्यावरून थेट ताटात. पोळी चुकली की चित्र फाटलं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या आर्ट म्युझियमनं हा गेम संग्रहात घेतला, मला विचाराल तर त्या पोळ्यांसाठीच घेतला असणार.

एवढं सगळं पिळून काढल्यावर मास्टर चीफचं उरतं काय, तर आठ ठिपके रुंदीचा एक हिरवा माणूस. चेहरा नाही, पण तो मूळ गेममध्येही कधी दाखवला नव्हता म्हणा. गंमत म्हणजे बघताक्षणी ओळखू येतो. पण हात जुन्या सवयीचे, दोनतीनदा माउसकडे गेले, मान वळवून मागे बघायला, आणि इथे वळवायला मानच नाही, अख्खी खोली समोर उघडी पडलेली आणि त्यात मी, म्हणजे तो, बाणाच्या बटणांवर इकडून तिकडे पळतोय. चौथ्यांदा मेलो तेव्हा आई मागे येऊन उभी होती, चष्मा कपाळावर.

"तो हिरवा तूच ना?"

हो म्हटलं. खुर्ची ओढून बसलीच ती. "मग नीट पळ की, तो वरचा बघ, येतोय तुझ्याकडे. अरे खाली खाली!"