दमा कुणाच्या घरातून आला?

काउंटरवर दम्याचा पंप (इन्हेलर) घ्यायला आलेलं माणूस मला लगेच कळतं. आवाज खाली आलेला असतो, आणि पैसे काढता काढता म्हणतं, "ताई, काळ्या पिशवीत द्या." विट्यात आमचं मेडिकल आहे. ऊसतोड सुरू झाली, रानात पाचट पेटायला लागलं की पंपांचा खप वाढतो.

मागच्या हंगामात एक सासू-सून आल्या. सुनेच्या कडेवर तीनेक वर्षांचं पोर, छाती सूं-सूं वाजतेय. चिठ्ठीवर पंप आणि स्पेसर, म्हणजे औषध नीट छातीत जावं म्हणून पंपाला लावायची नळी. मी पंप हलवून स्पेसरला लावला, मास्क पोराच्या नाकातोंडावर घट्ट धरला, एकदा दाबला आणि सुनेला पाच-सहा श्वास मोजायला लावले. प्रत्येक श्वासागणिक आतली झडप हलते, ते ती मन लावून बघत होती. तेवढ्यात सासू म्हणाली, "आमच्यात कुणाला न्हाई दमा. हिच्या म्हायेरचं हाय ह्ये." सुनेची मान खाली गेली.

मला लहानपणापासून दमा आहे, माझ्या वडिलांनाही होता. म्हणून हे बोलणं मला लागतं. आणि ते चुकीचं आहे, हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

दमा घराण्यात चालतो हे खरंच. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कून्हा नावाचं इवलंसं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथे आलेल्या मोजक्या पंधरा जणांचेच आजचे सगळे रहिवासी वंशज. त्या पहिल्या बिऱ्हाडांतल्या काही जणांना दमा होता, आणि लग्नं आपसातच होत गेली. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात तिथे तपासण्या केल्या, तर बेटावरच्या निम्म्याहून जास्त लोकांत दम्याची थोडीफार तरी चिन्हं निघाली.

पण दम्याचं असं एकच जनुक नसतं, की ते माहेरच्या पेटीतून सासरी यावं. आतापर्यंत गुणसूत्रांवर दम्याशी संबंध असलेल्या शंभराहून जास्त जागा सापडल्यात, आणि एकेकीचा वाटा अगदी थोडा. त्यातली सगळ्यात पक्की जागा १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. लंडनच्या मिरियम मोफॅट आणि विल्यम कुकसन यांच्या गटाने २००७ मध्ये ती दाखवली. तिचा संबंध लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत या जागेचा दम्याचा धोका वाढवणारा प्रकार गुणसूत्राच्या जवळपास निम्म्या प्रतींमध्ये सापडतो (प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची). म्हणजे तो बाळगणाऱ्या बहुतेकांना दमा कधीच होत नाही. पुढे असंही दिसलं, की लहानपणी सर्दीच्या विषाणूने ज्यांची छाती वाजली, त्या मुलांत या जागेचा परिणाम ठळक असतो. नुसतं जनुक असून भागत नाही, त्याला वेळेवर काहीतरी भेटावं लागतं.

आता आई की बाप, हा प्रश्न. अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात आईला दमा असेल तर मुलाचा धोका साधारण तिप्पट, आणि बापाला असेल तर अडीचपटीच्या आसपास दिसला. आईचं पारडं थोडं जड आहे, हे मी लपवणार नाही. पण बापाचंही काही हलकं नाही! घरात बोट मात्र एकीकडेच दाखवतात.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास. इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट, हे दोन शेतकरी समाज. दोघांची मुळं युरोपातली, जनुकं बरीच सारखी, खाणंपिणंही सारखं. तरी शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१. फरक शेतीत होता. आमिशांची घरटी दुभती जनावरं, घोड्यांवर शेती, गोठा घराला लागून, पोरं त्यातच वाढतात. हटराइटांची शेती सामुदायिक, यंत्रांची, गोठे घरापासून लांब. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली. आमिशांच्या धुळीने उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून संरक्षण मिळालं, हटराइटांच्या धुळीने मिळालं नाही. (म्हणून कुणी दमेकरी पोराला गोठ्यात नेऊन बसवू नये. एकदा दमा सुरू झाला की धूळ त्रासच देते.)

"आमच्यात कुणाला नाही" हेही सहसा खरं नसतं. मी त्या सासूबाईंना विचारलं, "घरात कुणाला बाळदमा होता का? सकाळी उठल्यावर शिंकांवर शिंका? अंगावर इसब?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्या दिरास्नी ल्हानपणी बाळदमा हुता. पर त्यो गेला की." आणि इसब? तो त्यांच्या लेकाला, म्हणजे पोराच्या बापालाच होता.

दमा, शिंका, इसब हे सगळे एकमेकांचे सोयरे आहेत. त्वचेचं वरचं आवरण घट्ट ठेवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात बिघाड असला की इसब होण्याची शक्यता वाढते, आणि अशा इसबवाल्या मुलांत पुढे दमाही जास्त दिसतो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांच्या गटाने हे २००६ मध्ये दाखवलं.

डॉक्टर जेव्हा "घरात कुणाला आहे का?" असं विचारतात, तेव्हा ते दोष शोधत नसतात. लहान पोराची छाती वारंवार वाजते, ती नुसत्या सर्दीने की पुढे दमा होईल म्हणून, हे ठरवायला त्यांना ती माहिती लागते. तेव्हा आईकडचं सांगाच, पण बापाचा इसब, आत्याच्या शिंका, चुलत आजोबांचा बाळदमा हेही सांगा. आठवत नसेल तर फोन करून विचारा. सासूबाईंनी आमच्या काउंटरवरूनच दिरांना फोन लावला होता.