मुलगी १९ ई वर, मी २७ बी वर: विमानातल्या जागेच्या वादाचा माझा अनुभव

विमानात लहान मुलाला आईवडिलांशेजारी बसवणं हे विमान कंपनीचं काम आहे. ते सहप्रवाशाच्या चांगुलपणावर सोडायचं नसतं. दिल्लीहून पुण्याला येताना एका रात्रीच्या विमानात हे मला अगदी जवळून कळलं, आणि नंतर तक्रारीच्या निमित्ताने यातले बरेच नियम वाचून काढावे लागले. मुलाबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन प्रवास करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही तिघी होतो: मी, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तिघींचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर. तिकीट काढतानाच जास्तीचे पैसे भरून ३३ व्या रांगेत लागून तीन जागा घेतल्या होत्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मधूनमधून उठून उभं राहावं लागतं, म्हणून त्यांना आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेलगतची.

काउंटरवर कळलं की विमान बदललंय. ए-३२१ ऐवजी ए-३२० येणार होतं. ए-३२१ लांबीला मोठं, त्यात २०० हून जास्त प्रवासी बसतात. ए-३२० मध्ये साधारण १८०. म्हणजे आमची ३३ वी रांग त्या विमानात नव्हतीच. सिस्टीमने मागच्या रांगांमधल्या लोकांना जिथे जागा सापडली तिथे टाकलं होतं. हातात बोर्डिंग पास आले ते असे: सासूबाई ६ बी, मुलगी १९ ई, मी २७ बी. तिघी तीन टोकांना आणि तिघींनाही मधली सीट.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फ्लाइट फुल आहे मॅम, गेटवर बघतील." गेटवरचा मुलगा म्हणाला, "आत क्रू करून देईल." दोघंही नम्रपणे बोलले, मला त्यांच्याबद्दल राग नाही. पण हा प्रश्न सोडवायची खरी जागा काउंटर हीच असते. संपूर्ण सीट मॅप तिथे समोर असतो, जागा बदलून नवा बोर्डिंग पास छापता येतो. गेटवरही ते जमतं. एकदा आत गेलं की क्रूकडे दोनच गोष्टी उरतात: प्रवाशांना विनंती करणं आणि रिकाम्या राहिलेल्या जागा वापरणं. मी दोन्ही ठिकाणी "सात वर्षांची मुलगी आहे, एकाच पीएनआरवर आहोत" हे स्पष्ट सांगितलं, आणि तिन्ही बोर्डिंग पासचे फोटो व सीटच्या पैशांची पावती फोनमध्ये एकत्र ठेवली. पुढे सगळं याच कागदांवर चाललं.

आत गेल्यावर मी मुलीला घेऊन १९ व्या रांगेपाशी उभी राहिले. १९ डी वर आइलला एक तरुण बसला होता, एफ वर खिडकीशी एक गृहस्थ. मी त्या दोघांना काही विचारलं नाही, सरळ क्रूमधल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बोर्डिंग पूर्ण होऊ द्या, मग बघते." हे वाक्य ऐकून पुष्कळ लोक चिडतात, पण त्यात तथ्य असतं. शेवटचा प्रवासी आत येईपर्यंत कुठली सीट खरोखर रिकामी आहे हे क्रूला सांगता येत नाही. तोवर कोणाला हलवलं आणि त्या जागेचा मालक आला, की एका वादाचे दोन होतात.

माझ्या मागे रांग तुंबली होती, म्हणून तिने आधी एक प्रयत्न केला. १९ डी वरच्या तरुणाला विचारलं, तुम्ही २७ बी वर जाल का? तो म्हणाला, "सॉरी, मी आइलचे पैसे भरलेत." आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं. पुढची आइल सोडून मागच्या मधल्या सीटवर कोणी का जावं? आणि न जाण्याचं कारणही त्याने का द्यावं? तोही माझ्यासारखाच पैसे भरून बसलेला ग्राहक होता.

वाद पेटवला तो तिसऱ्याच माणसाने. पलीकडच्या रांगेतले एक काका उठले आणि त्या तरुणावर घसरले. "एवढंसं पोर आहे, उठायला काय होतंय रे तुला? माणुसकी आहे की नाही?" तरुण म्हणाला, "काका, मी माझ्या सीटवर बसलोय." मग काकांची भाषा घसरली. आईवरून शिवी गेली. मी म्हणत होते, "काका, राहू द्या, मी त्यांना काही म्हटलेलं नाही," पण ते माझं ऐकण्यापलीकडे गेले होते. दोघातिघांनी फोन काढून शूटिंग सुरू केलं. माझी मुलगी त्या सगळ्याच्या मधोमध उभी. तिने माझा कुर्ता ओढून विचारलं, "आई, मी चुकीच्या जागी उभी आहे का?"

तेवढ्यात पुढून केबिनची प्रमुख आली. तिचं काम मी हातभर अंतरावरून पाहिलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ती आधी काकांशी बोललीच नाही. काका आणि तरुण यांच्या मधल्या जागेत येऊन उभी राहिली, त्यामुळे दोघांना एकमेकांचा चेहरा दिसेना. मग काकांना बसायची विनंती केली, आणि ते बसल्यावर स्वतः गुडघ्यात वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आली. आवाज इतका खाली की मागच्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. तुम्ही मदत करायला उठलात हे मला कळतं, पण सहप्रवाशाला शिवीगाळ ही नियमात पहिल्या पातळीची गैरवर्तणूक आहे. पुन्हा झाली तर मला कॅप्टनना कळवावं लागेल आणि तुम्हाला उतरावं लागू शकेल, असं तिने सांगितलं. दुसऱ्या क्रूला शूटिंग करणाऱ्यांकडे पाठवलं: मुलाचा चेहरा येतोय, फोन बंद करा. काका गप्प झाले. थोड्या वेळाने त्या तरुणाकडे पाहून "सॉरी" म्हणाले, तरुणाने मान डोलावली, आणि प्रकरण तिथे मिटलं.

ती ज्या नियमाबद्दल बोलली तो डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. सध्याच्या स्वरूपात तो २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे-दिल्ली विमानावरून झालेला वाद अनेकांना आठवत असेल: बिझनेस क्लासचं तिकीट आणि विमान पूर्ण इकॉनॉमीचं, यावरून उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, आणि कंपन्यांनी त्यांना काही काळ तिकीट नाकारलं होतं. म्हणजे आपल्याकडे 'नो फ्लाय लिस्ट'ची, म्हणजे विमानप्रवासाची बंदी घातलेल्यांच्या यादीची चर्चा पेटली तीही जागेच्याच वादातून.

नियमात तीन पातळ्या आहेत. शिवीगाळ, धमकीचे हावभाव, दारू पिऊन धिंगाणा ही पहिली; तीन महिन्यांपर्यंत बंदी. ढकलणं, मारणं, धरणं, नको तिथे हात लावणं ही दुसरी, सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणारं वर्तन, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न, विमानाच्या यंत्रणेची नासधूस ही तिसरी. किमान दोन वर्षं. कॅप्टनच्या तक्रारीवर कंपनीची अंतर्गत समिती निर्णय घेते. तिच्या अध्यक्षपदी निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, दुसऱ्या विमान कंपनीचा एक प्रतिनिधी असतो आणि ग्राहक किंवा प्रवासी संघटनेच्या बाजूचा एक सदस्य. समितीला ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, तोवर कंपनी त्या माणसाला विमानात घेणं नाकारू शकते. बंदी झालेल्याला ६० दिवसांत अपील करता येतं. काकांनी रागाच्या भरात त्या पोराच्या कॉलरला हात घातला असता तर ते एका क्षणात पहिल्या पातळीवरून दुसरीवर गेले असते, आणि तेही दुसऱ्याच्या सीटसाठी.

आमची सोय शेवटी झाली ती कोणालाही न उठवता. दार बंद व्हायच्या आधी दुसऱ्या रांगेत, जादा पैशांच्या मोठ्या जागांपैकी दोन रिकाम्या राहिल्या. इमर्जन्सी दरवाजाच्या रांगेतही जागा होत्या, पण तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना बसवत नाहीत, आणि वेळ पडली तर दरवाजा उघडता येईल अशीच माणसं तिथे लागतात. म्हणून मुलगी किंवा सासूबाई यांच्यासाठी त्या बादच. केबिन प्रमुखाने जमिनीवरच्या अधिकाऱ्याला आत बोलावलं, त्याने फोनवर विचारलं, होकार आला, आणि मी व मुलगी दुसऱ्या रांगेत गेलो. सासूबाई ६ बी वरच राहिल्या. ६ सी वरच्या बाईंनी आपण होऊन त्यांना आइल दिली. त्यांचे आभार मी उतरतानाही मानले.

पुण्याला उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं, सोडून दे." मला सोडवेना. मुलीच्या त्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने द्यायला हवं होतं.

डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना स्पष्ट सांगितलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यायची, आणि त्याची नोंद ठेवायची. यातले 'एकाच पीएनआर' हे शब्द महत्त्वाचे. आजीआजोबांबरोबर मूल पाठवताना तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर या सूचनेचा आधार घेता येत नाही. पैसे वाचवायला किंवा विमान कंपनीचे पॉइंट (माइल्स) मिळवायला तिकिटं तोडून काढणाऱ्यांनी हे आधी बघावं.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला. पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, तिन्ही बोर्डिंग पास, सीटची पावती, आणि काउंटरपासून दुसऱ्या रांगेपर्यंतचा घटनाक्रम, एकही विशेषण न वापरता. केबिन प्रमुखाचं काम चांगलं होतं हेही त्यात लिहिलं, कारण ते खरं होतं. उत्तर ठराविक आलं: ऑपरेशनल कारणामुळे विमान बदललं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर घ्या. मी व्हाउचर नाकारलं. जी सीट मिळालीच नाही तिचे पैसे ज्या कार्डावरून गेले त्यावरच परत यायला हवेत, आणि विमान बदलणं हे ऑपरेशनल कारण असलं तरी सात वर्षांच्या मुलीला एकटीला बसवणं हे त्या कारणात बसत नाही, असं कळवलं.

त्यानंतर नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला कंपनीचा अधिकारी. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव आणि ईमेल असतो, त्यांच्या वर अपिलीय अधिकारी असतो. तिथेही गोल उत्तर आल्यावर मी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे तक्रार क्रमांक मिळतो, आणि कंपनीचं उत्तर सरकारी नोंदीत राहतं. त्यानंतर भाषा बदलली. तिन्ही जागांचे पैसे कार्डावर परत आले.

ओळखीच्या एकांनी मला दहा-वीस हजारांची भरपाई मागायला सांगितलं होतं. ती मी मागितली नाही, कारण ती यासाठी नसते. १० हजार आणि २० हजार या मर्यादा बोर्डिंग नाकारलं जातं तेव्हाच्या, तासाभरात दुसरं विमान न मिळाल्यास. वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के परत मिळतात, हा नियम २०२३ चा. त्याच वर्गात सीट बदलली तर या दोन्हींपैकी काही लागू होत नाही. चुकीचा नियम पुढे केला की कंपनी तेवढ्याच मुद्द्यावर उत्तर देते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

पैसे मिळाले तरी नोंदीचा प्रश्न राहिलाच. त्या रात्री त्या विमानात १२ वर्षांखालची किती मुलं पालकांपासून वेगळी बसवली गेली, आणि त्याची नोंद कुठे आहे? कंपनीने ही माहिती अंतर्गत असल्याचं कळवलं. म्हणून दहा रुपये फी भरून डीजीसीएकडे माहिती अधिकारात अर्ज केलाय: एप्रिल २०२४ नंतर कंपन्यांनी या नोंदी दाखवल्या का, कोणी तपासल्या, आणि विमान ऐनवेळी बदललं तर मुलांच्या जागा आधी लावण्याची काही पद्धत ठरलेली आहे का. शिवाय ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे मला पुण्यातच, तक्रार करता येते, सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कागद तयार ठेवलेत. माहिती अधिकाराचं उत्तर हातात आलं की ते जोडून तक्रार दाखल करणार आहे.