रेसिप्रोकल: भरतीचा शब्द, अपूर्णांकाचा शब्द

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणींना तोटा नसणार. माझ्या वाट्याच्या पानावर, वर्गात आपल्याला ‘गुणाकार व्यस्त’ या नावाने भेटलेल्या एका इंग्रजी शब्दाची कुळकथा लिहितो.

‘रेसिप्रोकल’चे मूळ लॅटिन ‘रेसिप्रोकुस’. त्यातले ‘रे’ म्हणजे मागे, ‘प्रो’ म्हणजे पुढे. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परतणारा, असा अर्थ. रोमन लोक तो भरती-ओहोटीला लावत, हे आपल्या किनाऱ्यावर मुद्दाम सांगण्याजोगे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला. युक्लिडच्या 1570 सालच्या इंग्रजी भाषांतरात व्यस्त प्रमाणातल्या राशींना हाच शब्द आहे.

आता भरतीचाच ठोकताळा घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला 4 × 3/4, म्हणजे तीनच्या सुमारास. (हा मुंबईकडचा हिशेब, दक्षिणेला भरती थोडी आधी लागते.) उलट, वेळेवरून तिथी काढायची तर 3/4 ने भागा, म्हणजेच 4/3 ने गुणा: 3 × 4/3 = 4. आलो तिथेच परत. दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार 1, म्हणून ते एकमेकांचे व्यस्त.

मुलांचे चुकते ते इथेच. भागाकारात भाजक उलटायचा सोडून भाज्य उलटतात. 2 पूर्णांक 1/3 चा व्यस्त विचारला तर 2 तसाच ठेवून नुसता 1/3 उलटा करतात. आधी 7/3 करा, मग 3/7. शून्याला व्यस्त नाही; त्याला कशानेही गुणा, 1 येणार नाही.

ट्रॉलरच्या डिझेल इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये सारखा पुढेमागे होतो, म्हणून ते रेसिप्रोकेटिंग इंजिन.

‘म्युच्युअल’शी मात्र याची गल्लत फार होते. दोघांचे सामायिक, ते म्युच्युअल. एकाने केले आणि दुसऱ्याने फेडले, ते रेसिप्रोकल. लावणीची सावड घ्या. आज चार माणसे तुमच्या कुणग्यात उतरली, तर त्यांच्या पाळीला तुमच्या घरची चार गेली पाहिजेत. पैसे देऊन मोकळे झालात तर ती मजुरी झाली, सावड नव्हे. संस्कृत व्याकरणात अशा अदलाबदलीच्या क्रियेला ‘कर्मव्यतिहार’ म्हणतात, आणि पाणिनीच्या सूत्रावर वृत्तिकार, म्हणजे त्याचे टीकाकार, उदाहरण देतात ते ‘व्यतिलुनते’: एकाने करायची कापणी दुसरा करतो. शेतकऱ्याच्या बांधावरचेच उदाहरण! पारिभाषिक म्हणून मला ‘परस्परता’पेक्षा ‘व्यतिहार’ अधिक नेमका वाटतो, चालला नाही ही गोष्ट वेगळी.

इंग्रजी बोलताना ‘रिसिप्रकल’मध्ये जोर ‘सि’वर द्यावा, ‘रेसिप्रॉसिटी’त ‘प्रॉ’वर. आणि अर्जात ‘रेसिप्रोकेट बॅक’ लिहू नये. परतणे त्या ‘रे’मध्येच आले.