वेलांटी नेमकी कुठे द्यायची?

सोपान (नाव बदललंय) पाचवीत होता आणि पहिलीचं पुस्तकही त्याला धड वाचता येत नव्हतं. मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष शिक्षिका आहे, तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळांवर फिरते. माण तालुक्यातल्या त्या द्विशिक्षकी शाळेत गेले, तर सर म्हणाले, "मॅडम, पोरगं हुशार आहे हो, पण अभ्यासाचा भारी कंटाळा. वाचायला उभं केलं की लगेच पोटात दुखतं." पोटात खरंच दुखत असणार. रोज चारचौघांत अडखळायचं म्हटल्यावर कुणाच्याही दुखेल.

डोळे आणि कान आरोग्य पथकाने तपासले होते, दोन्ही ठीक. मी त्याला व्हरांड्यात घेऊन बसले, एक सोपी गोष्ट पुढे ठेवली आणि तो जिथे अडतो तो प्रत्येक शब्द वहीत टिपत गेले. पानभर शब्द झाले तेव्हा त्यातली संगती दिसायला लागली. राजा, गावात, पाणी, माती हे शब्द तो हळू का होईना, वाचत होता. दिवस, किती, शिवार, पिशवी आले की गप्प. ‘गर्दी’ला ‘गदी’ म्हणाला.

मग मी ‘विहीर’ लिहायला सांगितलं. त्याने व काढला, व च्या उजवीकडे पहिली वेलांटी काढली आणि पुढे ‘हीर’ लिहिलं. वेलांटी गेली ह च्या वाट्याला. ‘गर्दी’ लिहिलं ‘गरदी’.

मी सरांना बोलावून ती पाटी दाखवली. पोराचा कान अगदी बरोबर होता. ‘वि’ म्हणताना आधी व ऐकू येतो, मग इ. त्याने त्याच क्रमाने लिहिलं. आपल्या लिपीत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. रफार याच्या उलट, र आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. बहुतेक मुलांना हे सरावाने जमून जातं, आपण शिकवलं हेही आपल्याला आठवत नाही. काही मुलांना ते उलगडून दाखवावं लागतं. ‘आणखी दहा वेळा लिही’ म्हटल्याने त्यांचं काहीच सुटत नाही, तीच चूक दहा वेळा गिरवली जाते.

माझ्या पिशवीत पुठ्ठ्याची अक्षरं असतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर लाल मार्करने काढलेल्या वेलांट्या, मात्रा, रफार. सोपानने आधी द ठेवला, "द" म्हणाला, मग वरून वेलांटीचा तुकडा सरकवला, "दि". तुकडा काढला, पुन्हा "द". मग रव्याच्या ताटात बोटाने गिरवत तोच उच्चार, आधी द, मग डावीकडे जाऊन वेलांटी. बघणं, ऐकणं, म्हणणं, गिरवणं एकदम करायची ही बहुसंवेदी पद्धत अमेरिकेत 1930च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली. ती इंग्रजी वाचनासाठी होती. देवनागरीत मूल नेमकं कुठे अडेल, हे आपल्यालाच बसून शोधावं लागतं. मधली सुट्टी होईपर्यंत सोपान ‘दिवस’ आणि ‘किती’ वाचत होता, आणि पोटदुखीचं नाव नव्हतं.

दुपारी परिसर अभ्यासाची चाचणी होती. मी सरांना विनंती केली, याला प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. "बाकीची पोरं म्हणतील, यालाच सूट का?" त्यांची शंका रास्त होती. मी म्हटलं, आज आपल्याला त्याला परिसर किती कळतो ते तपासायचंय, वाचन नाही.

प्रश्न होता पाणी अडवण्याच्या उपायांचा. सोपान सुरू झाला तो थांबेना. नालाबांध, शेततळं, डोंगरावरचे सलग समतल चर. चर उताराला आडवा आणि एका पातळीत का घ्यायचा हेसुद्धा त्याने सांगितलं: "न्हाईतर पाणी सगळं एका कडंला पळतंय आन् तिथनं चर फुटतोय." वडिलांबरोबर श्रमदानाला गेला होता. सर लिहून घेत होते, मध्येच थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे मी वर्गात सांगितलेलंच नाही."

शाळा सुटताना आजी न्यायला आली होती. मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "बाई, डोकं बरं हाय न्हवं त्येचं?" मी म्हटलं, "डोकं उत्तम आहे, आजी. अक्षरं तेवढी सुटी करून शिकवावी लागतील."

बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. पण एका दिवसाच्या निरीक्षणावरून मी कुणाला अध्ययन अक्षम म्हणत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण ती तज्ज्ञांनी तपासून ठरवायची. सोपानला तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस मी त्याच दिवशी केली. पुढे दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक लागला, तर प्रमाणपत्र हवंच. पण पुठ्ठ्याच्या अक्षरांना कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. ते येईपर्यंत मुलाला तसंच बसवून ठेवतात, याची मला फार चीड येते.

आता पहिल्या वेलांटीचे साधे शब्द सोपान वाचतो. रफार डळमळीत आहे, जोडाक्षरं बाकी आहेत. वेग फार कमी आहे, परिच्छेदाच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून सर धडा आधी मोठ्याने वाचून दाखवतात, त्यावर गप्पा होतात आणि मग सोपान त्यातल्या चार ओळी वाचतो, सरांच्या टेबलाजवळ, एकट्याने. प्लॅस्टिकच्या वेलांट्यांचा दुसरा संच त्यांनी पहिलीच्या वर्गासाठी मागून घेतलाय.