तुम्ही विचारलंत म्हणून: मातीचं घर पाडायचं का?

गावातलं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधावं का, असं मला लग्नात विचारतात, तेरवीच्या पंगतीतही विचारतात. नागपूर जिल्ह्यातल्या घरबांधणीवर वीस वर्षं देखरेख केली, म्हणून. माझं उत्तर ठरलेलं आहे: नवं बांधा, पण जुनं सगळं पाडू नका.

मागच्या मे महिन्यात कुही तालुक्यातल्या एका गावी मुक्काम होता. रात्री दहाला नव्या घरकुलाच्या भिंतीला हात लावला, तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी लागली. आत गव्हाची पोती. घरातली आजी परसातल्या जुन्या खोलीत, हातभर जाड मातीच्या भिंतीआड, कवेलूखाली, म्हणजे कौलांखाली, निजलेली. म्हणाली, "तिथं अंग भाजते भाऊ. इथं डोळा लागते."

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो. मग कूलर येतो. ज्या गावची विहीर मे महिन्यात तळाला जाते, तिथं कूलरला पाणी कुठून आणायचं?

पण आजीच्या सुनेचंही ऐका. दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपायच्या, उदई (वाळवी) झाडायची, कवेलूतून विंचू पडला की रात्रभर लेकरं कडेवर घेऊन बसायचं. हे सगळं तिच्या अंगावर. शहरात राहून तिला मातीच्या घराचे गोडवे सांगणं मला पटत नाही. तिला पक्कं घर मिळालंच पाहिजे.

चुकतं ते बांधण्यात. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, आणि २०१६ पासून सपाट भागात केंद्राच्या निकषानं मदत १ लाख २० हजार. रेती, गिट्टी, लोहा घेतानाच पैसा संपतो आणि पहिली कटते ती छपरी. छपरी म्हणजे भिंतीची सावली! एक खोली लहान करा, पण पश्चिमेची छपरी सोडू नका. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्या, वर प्लिंथ बीम, म्हणजे भिंतींखालून फिरणारा सळयांचा काँक्रीट पट्टा, टाका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला तडे जातात.

विटा भट्ट्याच्याच कशाला? त्यासाठी शेताची वरची कसदार माती खरवडली जाते. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. राखेची वीट भाजावीही लागत नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, आत पोकळी ठेवून विटा उभ्या रचायची पद्धत वापरली तर जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊनही आत कमी येतं. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना ती शिकवायला हवी. मी दोघांना शिकवली, तिसऱ्यानं वेळ जाते म्हणून सोडली.

उमरेड रोडला पिकाच्या जमिनीवर पडणाऱ्या ले-आउटबद्दलही विचारता. गावठाणात पडकी घरं रिकामी असताना शेत मोडून प्लॉट पाडणं मला चूक वाटतं. आधी ती जागा वापरा.

आजीच्या नातवानं परसातली खोली पाडायला माणूस सांगून ठेवला होता. मी तासभर बसून बोललो. त्यानं पावसाआधी कवेलू फेरून घेतले आणि उरलेल्या पैशात नव्या घराला पश्चिमेकडून टिनाची छपरी काढली.