उजनी भरली, मग तुमच्याकडे पाणी रोज का येत नाही?

ऑगस्ट उजाडला, टीव्हीवर आमच्या जिल्ह्यातल्या उजनी धरणाचे उघडलेले दरवाजे दिसले, की पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "उजनी शंभर टक्के भरली म्हणे! मग तुमच्या सोलापुरात अजून चार-पाच दिवसांनीच पाणी कसं?" लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनीही हाच प्रश्न विचारलेला मी ऐकलाय, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पोरगी द्यायची तर घरातलं पाणी विचारणारच.

फोनवर मी "अहो, मोठी गोष्ट आहे" म्हणून विषय बदलते. आज तुम्ही परत विचारलंत म्हणून नीट सांगते.

उजनी भरते ती आमच्या पावसावर नाही. इथे आकाशात ढगाचा पत्ता नसतो, आणि तिकडे पुणे जिल्ह्यातली धरणं भरून पाणी सोडायला लागले की आमच्याकडचा माणूस सकाळी पेपरात आधी दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीकडे किती पाणी येतंय ते, बघतो. उजनी 'प्लसमध्ये' आली की गल्लीत सगळ्यांना हायसं वाटतं. धरणाची एकूण क्षमता साधारण 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या 53-54 टीएमसीची. म्हणून तर उन्हाळ्यात पाणी मृत साठ्यात उतरलं की उजनी 'मायनस' होते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी असं खाली गेलं की शहराच्या पंपांपर्यंत ते पोचवायला दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं. हे शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

पण आता एक हिशेब करून बघा. शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. दहा लाख धरा, माणशी रोज 135 लिटर धरा. वर्षभराचं सगळं मिळून पावणेदोन टीएमसीच्या आसपास येतं. 117 टीएमसीच्या धरणातले पावणेदोन! वस्ती वाढली म्हणून अडीच धरलेत तरी धरणाला ते जाणवणार नाही. म्हणजे धरणात पाणी नाही म्हणून नळाला पाणी नाही, हे कारण मी मानत नाही. शहर आणि शेतकरी यांच्यात भांडण लावणारी भाषणंही मला पटत नाहीत. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, उसाला लागणाऱ्या पाण्यावर जरूर बोलावं, मी स्वतः बोलते. पण आमच्या हंड्यापुरतं पाणी उसानं पळवलं, असं काही झालेलं नाही.

पाणी हरवतं ते वाटेत आणि शहराच्या आत. उजनीहून शहराजवळच्या पाकणीला येणारी जुनी जलवाहिनी एकट्यानं शहराला पुरत नाही. म्हणून वर्षानुवर्षं उजनीतून भीमा नदीच्या पात्रात पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून खाली वाहत औज बंधाऱ्यात यायचं, मग टाकळीहून उचलायचं. त्या एका खेपेला पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात. म्हणजे शहर दोन-तीन वर्षं पिईल एवढं पाणी, त्याच शहरासाठी, एका खेपेला नदीत. काही मुरतं, काही उन्हात उडतं, काही दोन्ही काठांच्या मोटारी ओढतात. पलीकडचा काठ तर कर्नाटकाचा. तिसरा आधार हिप्परग्याच्या तलावाचा. तो इंग्रजांच्या काळातला, 1871 चा. शहर वाढत गेलं, 1992 च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं आत आली, आणि पाण्याचे आधार मात्र तेच राहिले. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूर आलं तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की आता सुटलो. रोज 17 कोटी लिटर आणणारी समांतर जलवाहिनी ठरली, आणि तिचं काम किती रेंगाळलं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती वाहिनी हवीच होती. नदीत पाणी सोडायची गरज तिच्यामुळेच संपेल. पण वाहिनी पाणी आणून देते शहराच्या तोंडाशी. तिथून पुढे उंच टाक्या, गल्लीतल्या जुन्या गळक्या नळ्या, आणि कोणत्या भागाचा व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे ठरवणारा चावीवाला.

मला खरं बोलायचंय ते या चावीवाल्यापाशी येऊन.

पाणी चार दिवसांनी येतं, याचा त्रास आहेच. पण त्याहून मोठा त्रास, ते किती वाजता येईल हे कळत नाही. पहाटे तीनला येईल, दुपारी दोनला येईल, रात्री अकराला येईल. कुठे नळी फुटली किंवा पंपाची वीज गेली की सगळं एका दिवसानं पुढे. गल्लीत एकमेकांना मराठीत, तेलुगूत, कानडीत, उर्दूत विचारतात, पाणी आलं का. माझं माहेर पूर्व भागातल्या साखर पेठेत, सासर विजापूर रोडकडे. इकडे बंगल्याखाली हौद, वर टाकी. पाणी आलं काय, गेलं काय, आम्हाला महिन्यात एकदाही कळत नाही. ज्याला परवडलं त्यानं आपापल्या घरापुरता हा प्रश्न सोडवून टाकला आणि मग तो त्याबद्दल बोलायचा थांबला. माझं असं ठाम मत आहे की सोलापूरचा पाणीप्रश्न इतकी वर्षं टिकला तो यामुळे. ओरडलं तर ऐकलं जाईल अशी माणसं ओरडतच नाहीत.

ज्यांच्याकडे हौद नाही त्यांचं बघा. पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात विडी वळणारी बाई हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी घेते. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, वेळेवर कारखान्यात माल द्यायचा. पाण्याच्या दिवशी ती सकाळपासून अडकून बसते. पाणी दुपारी आलं तर त्या दिवशी हजार होत नाहीत, आणि ती मजुरी भरून कोण देणार? यंत्रमागावरच्या माणसाचंही तेच. रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे पिंप भरायला उठतो. टॉवेल आणि चादरीनं या गावाचं नाव देशभर नेलं. ते विणणाऱ्यांची झोप आपण नळापाशी खर्च करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळ ठरलेली नसल्यामुळे पाणी वायाही जास्त जातं. पुढचं कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक जण असेल त्या भांड्यात भरून ठेवतो, आणि नवीन पाणी आलं की 'शिळं' गटारात ओततो. तोट्या नसलेले नळ रस्त्यावर वाहत राहतात. नळ्या मधले दिवस रिकाम्या राहतात, फुटक्या जागेतून घाण आत ओढली जाते, म्हणून पहिली काही मिनिटं पाणी गढूळ येतं, तेही ओतून द्यावं लागतं. पावसाळ्यात आरोग्यसेविका दारोदार येऊन सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. त्यांचं बरोबर आहे. पण ज्या घरात पुढचं पाणी कधी येईल ते माहीत नाही, त्या घरातली बाई भरलेलं पिंप रिकामं करायला धजत नाही.

राजकारणाचं विचाराल तर आमच्याकडे पाण्यावर माणसं पेटत नाहीत असं नाही. 2021 मध्ये उजनीतलं पाच टीएमसी सांडपाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जिल्हा रस्त्यावर आला आणि तो निर्णय रद्द करावा लागला. धरणातल्या टीएमसीसाठी आपण असे एक होतो. गल्लीतल्या व्हॉल्व्हसाठी मात्र होत नाही. 2022 च्या मार्चनंतर काही वर्षं महापालिकेत निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासकच होते. त्या काळात लोकांना नगरसेवकाची किंमत कळली, हे मी बायकांच्या तोंडून ऐकलंय. निदान कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहता यायचं. पण दारात गेल्यावर मागायचं काय? आपण बोअर मागतो, टँकर मागतो. ते देणं सोपं असतं, फोटोही निघतो. शिवाय ते ज्याच्या त्याच्या गल्लीपुरतं असतं.

या गावाचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्यानं शहरात 68 लिंगं स्थापली आणि भक्तांना बरोबर घेऊन तळं खोदलं, अशी आपली श्रद्धा. मंदिर आजही त्या तळ्यात उभं आहे. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा लाखोंची गर्दी होते आणि सगळं कसं ठरल्या वेळेला, ठरल्या मार्गानं होतं. कुठल्या दिवशी तैलाभिषेक, कुठल्या दिवशी अक्षता, कुठल्या दिवशी होम, हे विचारावं लागत नाही. एवढी शिस्त असलेल्या गावाला पाण्याचं वेळापत्रक पाळता येणार नाही, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

म्हणून 'रोज पाणी' या घोषणेला मी आता टाळ्या वाजवत नाही. रोज मिळेल तेव्हा मिळू दे, पाइप, टाक्या होऊ देत. त्याआधी एक करा. प्रत्येक टाकीवर आणि प्रत्येक चौकात फलक लावा, या भागाला या वारी, या वेळी, इतका वेळ. बदल झाला तर आदल्या रात्री मोबाईलवर कळवा. चावीवाल्याच्या फेरीची नोंद ठेवा आणि ती लोकांना बघू द्या. याला धरणाची परवानगी लागत नाही आणि कोट्यवधींचा निधीही लागत नाही. आमच्या भागात मतं मागायला जे जे आले त्यांच्यापुढे मी हेच मांडलं. दोघांनी बोअर मारून देतो म्हणून सांगितलं. एका तरुण मुलीनं मात्र वही काढून वार आणि वेळा लिहून घेतल्या, आणि पूर्व भागात कुणाला भेटू म्हणून विचारलं. तिला मी माझ्या माहेरच्या गल्लीत पाठवलंय.